स्थितप्रज्ञेचे ब्रेक

ज्या घरात नित्य पूजा असते, त्या घरात निर्माल्याची एक टोपली असते. रोज तिच्यात चार फुले आणि दोन तुळशीची पाने पडतात. कोणाचे लक्ष नसते. मग एके दिवशी विसर्जनाला न्यायची म्हणून ती उचलावी, तर हाताला हिसका बसतो! किश्श्यांचेही तसेच आहे. आमच्या शेडमध्ये रोज काही ना काही घडत गेले, आम्ही रोज हसून ते बाजूला टाकत गेलो. परवा भजनानंतर चहा घेताना कोणीतरी विचारले, "आप्पा, त्या गाडीचं पुढं काय झालं?" तेव्हा ध्यानात आले, की टोपली चांगलीच जड झाली आहे.

तर मंडळी, आधी शेड. चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत माझी एक पत्र्याची शेड आहे. पूर्वी तेथे मी यंत्रे भरण्यासाठी लाकडी खोकी करून देत असे. वय झाले, धंदा आवरला. नेमक्या त्याच सुमारास आमच्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपाची दुरुस्ती निघाली आणि भजनी मंडळ उघड्यावर आले. अर्धी शेड मी मंडळाला दिली. उरलेली अर्धी माझा मुलगा शैलेश याने न विचारता घेतली.

शैलेश एका कारखान्यात डिझाइन इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी, रेसच्या ट्रॅकवर पळवायची गाडी स्वतःच्या हाताने बनवतो. शेडच्या मधोमध दोरीवर एक सतरंजी टांगलेली. अलीकडे टाळ-मृदंग, पलीकडे ग्राइंडर. माझी सून कल्याणी फिजिओथेरपिस्ट आहे. तिचा दिवस लोकांचे आखडलेले गुडघे हलवण्यात जातो. तिचे मत असे, की "दोन्हीकडचा आवाज सारखाच आहे, आप्पा. फक्त तुमच्याकडं ठिणग्या उडत नाहीत."

देवाच्या बाबतीत शैलेश कोरडा. मी कधी त्याच्या मागे लागलो नाही. एकदाच सहज म्हणालो, की हाताने ग्राइंडर चालवावा आणि मुखाने नाम घ्यावे. दोन्ही कामांत अडचण नाही. त्याने गॉगल कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "आप्पा, ज्या दिवशी तुमचा विठ्ठल माझ्या ब्रेकची तापलेली डिस्क गार करील, त्या दिवशी मी टाळ घेऊन तुमच्या शेजारी बसतो."

मी ते ध्यानात ठेवले. विठ्ठलानेही ठेवले असावे.

*

ती गाडी मूळची अपघातात चेपलेली एक जुनी हॅचबॅक. शैलेशने तिच्या सीटा काढल्या, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, इंजिन उतरवले, चढवले, पुन्हा उतरवले. वर्षानुवर्षे ती लाकडी ठोकळ्यांवर उभी. सण आले, सुतके आली, पावसाळे गेले. तिच्यावर कशाचा परिणाम नाही. सुखाने हर्ष नाही, दुःखाने खेद नाही. मी तिचे नाव 'स्थितप्रज्ञा' ठेवले. शैलेशला ते इतके आवडले, की त्याने दारावर रंगवून घेतले. ट्रॅकवर इतरांच्या गाड्यांना ज्वाळा आणि चित्ते. आमच्या गाडीला ब्रह्मविद्या!

पहिल्या खेपेस ती ट्रॅकवर उतरली तेव्हा मी आणि कल्याणी कठड्यापाशी बसून पाहत होतो. सोबत आमच्या मंडळाचे मृदंगवादक सदाशिवबुवा होते. बुवा मूळचे सोयगावकडचे; घरी मेंढरे होती, आता थोडी शेती आहे, आणि जिभेला लगाम कधीच नव्हता. आरंभ झकास झाला. सरळ रस्त्यावर स्थितप्रज्ञा अशी काही सुटली, की मला माझ्या नामकरणाची लाज वाटू लागली. मग वळण आले. पुढच्या गाड्यांचे मागचे लाल दिवे लागले. आमचेही लागले. पुढच्या गाड्या वळल्या. आमची वळली नाही. ती लाल दिवे लावलेल्या अवस्थेत, मोठ्या निश्चयाने, सरळ मातीत गेली आणि धुळीत अदृश्य झाली.

धूळ बसेपर्यंत कल्याणीने माझा हात धरला होता. आजही त्या मनगटाकडे पाहिले की मला तो दाब आठवतो.

धुळीतून शैलेश चालत बाहेर आला. ब्रेक अति तापले, आतले ऑइल उकळले, पाय दाबला तो थेट तळाला गेला, आणि त्या वेगात गाडीचा मागचा भाग हलका होऊन उचलला जाऊ लागला; असा एकंदर वृत्तान्त त्याने सांगितला. शेवटी म्हणाला, "इंजिन मात्र एक नंबर चाललं."

बुवांनी गाडीच्या दाराकडे पाहिले. "आप्पा, नाव चुकलं हिचं. ही स्थित बी नाय, आन् प्रज्ञा तर लईच लांब."

घरी आल्यावर पाण्याचा ग्लास खाली ठेवून कल्याणीने निकाल दिला. "शैलेश, ही गाडी माझ्यासमोर, मी आखीन त्या रेषेच्या आत थांबली, तर राहील. नाही थांबली, तर भंगारात जाईल. आणि मी हे रागानं बोलत नाहीये. रागानं बोलले असते, तर आत्ताच टेम्पो बोलावला असता."

*

मग इम्रान आला. शैलेशचा शाळेपासूनचा मित्र. आमच्या मागच्याच गल्लीत त्याचे गॅरेज आहे, आणि ब्रेक हा त्याचा खास विषय. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, गुडघ्यांवर बसून चाकांत डोकावला आणि मला म्हणाला, "आप्पा, ये गाडी भागने के वास्ते बनाए. रुकने का किसी ने सोचाइच नहीं."

एका भंगारात निघालेल्या अवजड गाडीच्या मोठ्या डिस्क त्याने आणल्या. त्या डिस्कला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारे चार-चार पिस्टनचे कॅलिपर आणले. सारे जोडून झाले. उरले एक काम. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. एकाने आत बसून पेडल दाबायचे आणि दाबून धरायचे. दुसऱ्याने चाकापाशी बसून स्क्रू ढिला करायचा, ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे, स्क्रू घट्ट करायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. शैलेश कामावर गेलेला. माझा गुडघा कल्याणीच्याच उपचाराखाली. म्हणून बुवांना आत बसवले.

इम्रान खालून सांगे, "दबाओ… पकड़ो… छोड़ो," आणि बुवा आज्ञाधारकपणे तसे करीत. पहिले चाक निर्विघ्न पार पडले. एवढ्यात सतरंजीच्या अलीकडे मंडळी जमली आणि टाळ सुरू झाले. बुवांचा हात मांडीवर पडला. मग पाय हलला. आयुष्यभर ठेक्यावर चाललेला तो पाय. त्याला इम्रानचे 'पकड़ो' कुठून ऐकू यावे? द्रुत लयीत पेडल सुरू झाले आणि उघड्या स्क्रूतून सगळे ऑइल इम्रानच्या तोंडावर.

इम्रान तोंड धुऊन आला. "आप्पा, बुवाकू बोलो, ब्रेक है ये, पखवाज नहीं."

"म्या काय करू?" बुवा म्हणाले. "ठेका ऐकला की पाय माझा राहत नाय."

भजन थांबवावे, तर एका गाडीसाठी नाम अडवल्याचे पाप. शेवटी मी तोड काढली. मंडळींना विलंबित लयीतला अभंग घ्यायला सांगितले. सम आली की बुवांनी दाबायचे, पुढची ओळ संपेपर्यंत धरायचे, आणि 'विठ्ठल' म्हणताना सोडायचे. उरलेली तीन चाके आम्ही एका अभंगात काढली. शेवटच्या चाकाला इम्रान खालूनच म्हणत होता, "हौ, अब सम… अब विठ्ठल."

हल्ली त्याच्या गॅरेजमध्येही अवघड गाडी आली, की तो बुवांना फोन करतो.

*

मोठ्या डिस्क झाल्या, तरी त्यांना गार करायला वारा हवा. गाडीच्या तोंडापासून पुढच्या दोन्ही चाकांपर्यंत हवा नेणारी नळी हवी. ती बाहेरून मागवायला वेळ लागेल, असे शैलेश म्हणाला, आणि दोन दिवसांनी म्हणाला की सोय झाली. मी फार चौकशी केली नाही. आपल्या मुलाची सोय झाली म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी गैरसोय झाली, हे मला अनुभवाने समजायला हवे होते.

त्या दिवशी कल्याणीने पिठल्याला फोडणी दिली आणि घरातली सगळी माणसे खोकत अंगणात आली. ओट्यावरची चिमणी घरघरत होती, पण धूर जागचा हलत नव्हता. कल्याणीने स्टुलावर चढून वरचे कपाट उघडले. चिमणीतून धूर बाहेर नेणारा तो चंदेरी, घड्याघड्यांचा पाइप तेथे नव्हताच!

ती तडक शेडमध्ये आली. गाडीच्या पुढ्यात वाकली. बंपरच्या भोकात नाक घालून तिने एक दीर्घ श्वास घेतला.

"मोहरी," ती म्हणाली. "हिंग. आणि परवाचं लसणाचं तिखट."

शैलेश गाडीखाली होता. तो बाहेर येईना.

आम्हाला वाटले, आता टेम्पो. पण कल्याणी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "राहू दे. घरी मी दुसरा लावून घेते. पण हा आधी गरम पाण्यानं धुऊन घे. वर्षाचं तेल बसलंय आत. तेलकट पाइप कुणी ब्रेकपाशी लावतं का?"

इम्रानने मला बाजूला घेतले. "आप्पा, भाभी को हमारे गॅरेज में भेज दो. शैलेश को घर में रखो."

घरी नवा पाइप यायला आठवडा लागला. दुसऱ्याच्या शीतलतेसाठी आपण थोडे सोसावे, अशी संतांची शिकवण आहे. आम्ही आठवडाभर खोकलो.

*

गाडीचा मागचा भाग वेगात उचलला जातो, यावर उपाय म्हणून शैलेशने अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा एक मोठा पंख मागे बसवला. मी विचारले, की पंख तर उडण्यासाठी असतो. आपल्याला तर ती जमिनीवर हवी आहे. त्याने समजावले, की विमानाचा पंख उचलतो, हा उलटा बसवलेला आहे. जेवढा वेग जास्त, तेवढा वारा त्याला खाली दाबतो.

मी या विचाराने भारावून गेलो. ज्याला पंख फुटले, त्याने वेगाबरोबर अधिक नम्र व्हावे! त्या गुरुवारी भजनानंतर मी यावर बराच वेळ निरूपण केले. मंडळाचे अध्यक्ष पुढेच बसले होते. बुवा मागून म्हणाले, "आप्पा, मंग असे दोन आपल्या अध्यक्षांना बसवा की."

पंख बसला, पण वारा त्यावरून नीट जातो की नाही, हे कसे कळावे? त्यासाठी गाडीच्या पाठीवर दोऱ्यांचे तुकडे चिकटवायचे आणि गाडी पळवून ते कसे उडतात ते पाहायचे, अशी रीत आहे म्हणे. लोकरीचा दोरा घरात नव्हता. मी पूजेच्या लाल-पिवळ्या नाड्याचे बंडल दिले. मागच्या काचेवर, छतावर, पंखावर दोरेच दोरे. गाडी बाहेर उन्हात उभी केली आणि आम्ही जेवायला गेलो.

परत येतो तो कोपऱ्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या सखूबाई गाडीसमोर हात जोडून उभ्या. त्यांनी काही विचारले नाही. आम्हीही काही सांगितले नाही. भक्तीच्या आड येऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या रस्त्यावर शैलेशने गाडी पळवली आणि इम्रानने मागून मोटारसायकलवर बसून, भाच्याला ती चालवायला लावून, मोबाइलवर चित्रण केले. आम्ही सगळे त्या छोट्या पडद्यावर वाकलो. लाल-पिवळे दोरे शिस्तीत मागे उडत होते. मात्र पंखाच्या खालच्या अंगाला एक पांढरा दोरा होता, आणि तो वाऱ्याच्या उलट, पुढच्या दिशेला तोंड करून गरगर फिरत होता.

शैलेशने टाळी वाजवली. पंख जास्त तिरपा बसला होता. खालून वारा त्याला सोडून फुटत होता, म्हणून दाब मिळत नव्हता. आम्ही दोरे वरच लावले होते. खाली लावायचे कोणाला सुचलेच नाही. त्याने पंख जरा आडवा केला आणि मग विचारले, की पण हा पांढरा दोरा लावला कोणी?

सखूबाईंनी. लेकीच्या लग्नाचा नवस.

शैलेश स्वतः टपरीवर आभार मानायला गेला. "मावशी, तुमच्या दोऱ्यानं आमचं काम झालं."

"व्हय?" सखूबाई गाळणी झटकत म्हणाल्या. "मंग तिला म्हणावं, आता माझ्याकडं बघ."

*

खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये दोन्ही अंगांची पूजा एकत्र होते. टाळ, मृदंग, ग्राइंडर, पान्यांचा संच. सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडू. गाडीची पूजा बुवांकडे दिली. गाडी ठोकळ्यांवर होती, चाके काढलेली होती, आणि नव्या डिस्क आरशासारख्या चमकत होत्या.

बुवांनी विचार केला, की या गाडीत मुख्य देवता कोणती? इंजिन नव्हे, इंजिनाने तर तोंडघशी पाडले. जी थांबवते, तीच मुख्य. मग त्यांनी मारुतीला लावतात तसा तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि चारही डिस्कना दोन्ही अंगांनी सढळ हाताने लावला. वर एकेक फूल.

शैलेशने संध्याकाळी ते पाहिले, हसला, फडक्याने पुसले आणि चाके चढवली. डिस्कवरचे तेल पुसले गेले. डिस्कला चिकटून बसणाऱ्या पॅडांत जे मुरले, ते कसे पुसणार?

पुढच्या रविवारी चितेगावच्या एका कारखान्याच्या आतल्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर कल्याणीसमोर परीक्षा होती. तिने रस्त्यावर रांगोळीने ठळक रेघ ओढली. इम्रान निश्चिंत होता. त्याने रेघेच्या पलीकडे चहाचा थर्मास ठेवला होता. शैलेश आला, त्याने ब्रेक दाबला, आणि स्थितप्रज्ञा रेघेवरून, थर्मासवरून, आम्हा सर्वांच्या अपेक्षांवरून पुढे निघून गेली. थांबली ती बऱ्याच लांब, धूर सोडत. आणि त्या धुराला, देवाशपथ, शनिवारच्या मारुतीच्या गाभाऱ्याचा वास होता!

इम्रान चाकापाशी बसला, त्याने हुंगले, आणि सावकाश वर पाहिले. "बुवा, ब्रेककू क्या लगाए?"

"मारुतीला लावतो तेच," बुवा म्हणाले.

"बुवा, मारुती उड़ता है. इसकू रुकना था."

आम्ही सगळे हसलो. कल्याणी हसली नाही. तिने चेपलेला थर्मास उचलला, पर्समधून मोबाइल काढला आणि आमच्यासमोरच भंगारवाल्याला सांगितले, की पुढच्या रविवारी टेम्पो इथंच पाठवा. मग शैलेशकडे वळली.

"शेंदूर हा गाडीचा दोष नव्हे, म्हणून आणखी एकदाच. पण पुढच्या वेळी नुसती रेघ चालणार नाही. आप्पांना शेजारी बसव. त्यांचं नाम दिवसभर सुरू असतं. रस्ता ओलांडताना नाही तुटत, दाढ काढताना नाही तुटलं. तुझ्या गाडीत ते तुटलं नाही, तर मी समजेन हिच्यावर भरवसा ठेवता येतो."

"आणि तुटलं तर?"

"तर टेम्पो आहेच. आप्पा खोटं बोलत नाहीत."

माझी संमती कोणी विचारली नाही.

*

मध्यंतरी आणखी एक संकट आले. थर्मासची हकिगत त्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कानी गेली, आणि गाडी स्वतः तपासल्याशिवाय पुन्हा आत सोडणार नाही, असा निरोप आला. गृहस्थ अत्यंत करडे. ते शेडमध्ये आले, आमच्या नमस्काराला मान हलवली, बॅटरी घेतली आणि उताणे होऊन गाडीच्या तोंडाखाली सरकले.

त्या तोंडाखाली शैलेशने जमिनीलगत एक रुंद फळी बसवली होती, गाडीच्या पोटाखाली वारा शिरू नये म्हणून. अधिकारी बराच वेळ त्या फळीखाली बॅटरी फिरवत राहिले. मग बाहेर आले. कपडे झटकले. काही न बोलता बूट काढले, दाराबाहेर नीट जोडीने ठेवले, आणि मोज्यांवर गाडीत जाऊन बसले. स्टिअरिंग पाहिले, पेडल दाबून पाहिले, पट्टे ओढून पाहिले; तोंडातून शब्द नाही. शैलेशने दोनदा काही समजावण्याचा प्रयत्न केला, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवले. शेवटी उतरले, बूट घातले, आणि मगच म्हणाले, "ठीक आहे. रविवारी या."

ते गेल्यावर शैलेश बॅटरी घेऊन खाली शिरला. प्लायवूडची ती फळी भजनी मंडळाच्या जुन्या पाटीची होती. खालच्या अंगाला रंगाची अक्षरे शाबूत होती: 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत. आत शांतता राखावी.'

बुवा हळहळले. "इतकी वर्षं ती पाटी मंडळात व्हती, आप्पा. एकानं बी ऐकलं नाय."

*

आणि मग तो रविवार.

पॅड नवे होते. डिस्क इम्रानने स्वतः घासून, धुऊन बसवल्या होत्या, आणि बुवांना गाडीपासून अंतरावर राहण्याची विनंती केली होती. कल्याणीने पुन्हा रांगोळीची रेघ ओढली. फाटकाच्या कडेला टेम्पो उभा होता. त्याचा चालक शेंगा सोलत होता. त्या दिवशी कोणी थट्टा केली नाही. शैलेशने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. त्याने आपल्या हातांनी मला पट्ट्यांत बांधले. कपाळावर बुक्का, त्यावर हेल्मेट. माळ शर्टाच्या आत होती. नाम सुरू होते.

"आप्पा, तो विजेचा खांब आला की मी ब्रेक दाबणार," तो म्हणाला. "सांगून ठेवतो."

मी मान हलवली. नाम सोडून बोलणार कसा?

गाडी निघाली. मागचा पंख वाऱ्याखाली दबत होता आणि ती रस्त्याला अशी घट्ट धरून चालली होती, की मला माझे निरूपण आठवले. झाडे मागे पडली. टेम्पो मागे पडला. नाम सुरू होते. वेग एवढा, की रस्त्याच्या कडेला उभे असलेले इम्रान आणि बुवा हे दोघे मिळून एकच गृहस्थ दिसले. लांबवर पांढरी रेघ दिसू लागली. आणि खांब अजून यायचा होता, तोच कल्याणी कडेची उठली, चालत रस्त्याच्या मध्यावर आली, आणि रेघेच्या थोडे पलीकडे, आमच्याकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभी राहिली.

शैलेशने तिला पाहिले. मीही पाहिले.

खांब आला.

पट्ट्यांनी मला असे काही मागे धरले, की पोटातला, छातीतला, बहुधा मागच्या जन्मीचाही श्वास बाहेर पडला. जगातले सगळे आवाज बंद झाले. आणि त्या शांततेत, माझ्या डाव्या कानाशी नव्हे, अंतरात नव्हे, अगदी उजवीकडून, शेजारच्या हेल्मेटमधून मला स्पष्ट ऐकू आले, "विठ्ठल विठ्ठल विठ्ठल विठ्ठल…"

गाडी थांबली. फळीच्या पुढे रांगोळीची रेघ जशीच्या तशी होती. तिच्यापलीकडे कल्याणी. गाडी थांबली तरी शेजारचा आवाज थांबेना.

कल्याणी रेघ ओलांडून माझ्या बाजूला आली. काचेशी वाकली. मागून इम्रान आणि बुवा धापा टाकत पोचले. टेम्पोवाल्याने शेंगा खिशात टाकून इंजिन सुरू केले.

"आप्पा," तिने विचारले, "नाम तुटलं का?"

मी शैलेशकडे पाहिले नाही. इतक्या वर्षांत खोटे बोललो नाही. आता कुठे शिकू?

"माझं तुटलं, सूनबाई," मी म्हणालो. "ह्याचं सुरू झालं."

कल्याणीने पलीकडे पाहिले. शैलेशचे डोळे मिटलेले होते आणि ओठ अजून हलत होते. मग तिने मागे न वळताच, हात उंच करून टेम्पोला 'जा' अशी खूण केली, आणि माझ्या बाजूचे दार उघडले.

"उतरा आप्पा," ती म्हणाली. "हेल्मेट द्या."